गुलाबी गालाचा पक्षी, मुक्काम देगलूर

५ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मराठीतच लिहिणार. घरात उर्दू सगळ्यांना वाचता येतं. मराठी फक्त अर्शीला येतं, आणि बापाचं अक्षर तिला लागत नाही. म्हणजे सेफ.

कारणही तसंच आहे. पक्षी सप्ताह सुरू झाला म्हणून कॉलेजात नांदेडच्या आनंदराज सरांचं लेक्चर होतं. प्रोग्रॅमचे फोटो काढायला मला बोलावलं होतं. सरांनी पडद्यावर पक्षी दाखवायला सुरुवात केली आणि मी स्टेजवरच्या पाहुण्यांचे फोटो काढायचेच विसरलो. शेवटी सर म्हणाले, आपल्या भागात पक्षी भरपूर आहेत, पण डोळस कॅमेरे कमी आहेत. हे बोलताना ते सरळ माझ्याकडं बघत होते. हॉलमध्ये कॅमेरा फक्त माझ्याच हातात होता ही गोष्ट वेगळी.

अर्धं आयुष्य नवरा-नवरी काढण्यात गेलं. आता कला. ठराव: पहाटे उठणे. तंबाखू बंद. महिनाअखेर शिवप्पांच्या मुलीचं, शिवांगीचं लग्न आहे, ते शेवटचं. त्यानंतर फक्त पक्षी.

मलिकाला सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, अजी, पाखरं काय अल्बम बनवून घेणार हायत का? बायकोनं सुरुवातीलाच साथ दिली असा कलावंत अजून जन्मायचा आहे.

६ नोव्हेंबर, सकाळी ९
फजरच्या अजानला जाग आली होती. पण बाहेर अंधार. अंधारात फोटो येत नाहीत, म्हणून परत झोपलो. हा आळस नाही, टेक्निकल निर्णय आहे.

गच्चीवर बाजरी टाकली. कबुतरं आली. कबुतर मी पक्ष्यात धरत नाही. एक साळुंकी आली, तिला सवयीनं म्हणालो, मान थोडी डावीकडं, हं, हसा. उडाली. बोलणं बंद करायला हवं.

तंबाखू उद्यापासून बंद.

७ नोव्हेंबर
शिवप्पांकडं मीटिंग. शिवप्पांची मोंढ्यात आडत आहे. घर मोठं, मागं परसबाग, तिच्यात पेरू, जास्वंद, शेवगा आणि धुण्याचा दगड. शिवांगीसाठी लातूरचा इंजिनिअर मुलगा मिळाला आहे. लग्न तीस तारखेला. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं काम माझ्याकडं. त्यांच्या घरातली मागची लग्नंही मीच काढली.

निघताना शिवांगीनं मागच्या दाराशी गाठलं. म्हणाली, काका, एक ऐका, लग्नात माझा रंग माझाच ठेवा.

तिच्या बायोडाटाचा फोटो मीच काढला होता. आमच्या स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर 'नवरी' नावाची सेटिंग आहे. कॅमेऱ्याचं कार्ड लावलं की फोटो आपोआप उजळून आत येतात. रंग गोरा, गाल गुलाबी, डोळे मोठे. कुठं बोट लावायची गरज नाही. सगळ्या तालुक्याला असंच लागतं. असं नाही केलं तर पोरीची आई फोटो परत घेऊन येते आणि कॅमेरा बिघडला का म्हणून विचारते. शिवांगी सावळी आहे. फोटोत झकास उजळली होती. तर तिचं म्हणणं असं की मुलगा बघायला आला तेव्हा तिच्या मावसबहिणीलाच नवरी समजला. पोहे खात बराच वेळ तिलाच शिक्षण विचारत बसला.

मी म्हटलं, पण जमलं ना शेवटी?
ती म्हणाली, हाव काका, जमलं. पण लई शरमल्यासारखं झालं. आता लग्नात तरी मला मी दिसू द्या.
हो म्हटलं. पोरी अल्बम हातात येईपर्यंत असंच बोलतात.

पण खरी गोष्ट पुढं आहे. ती बोलत होती आणि तिच्या मागं धुण्याच्या दगडावर एक पक्षी येऊन बसला. चिमणीएवढा, शेपटी उभी. काळा वाटला, पण तो उन्हाच्या आड होता. बॅकलाइट असला की नवरीसुद्धा काळी येते. स्टेजसाठीची मोठी झूम बॅगेत होती. धडाधड फोटो काढले. शिवांगी अजून काही सांगत होती बहुतेक.

८ नोव्हेंबर
सकाळपासून एका जागी बसवत नाही. (तंबाखू बंद केल्यामुळं नव्हे. ती उद्यापासून.)

कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पक्षी काळा नाहीच! बदामी रंग, गाल गुलाबी, डोळे हरणीसारखे. कॉलेजच्या लायब्ररीतून पक्ष्यांचं पुस्तक आणलं, शेवटच्या पानापर्यंत बघितलं. असा पक्षी नाही. म्हणजे पुस्तकातच नाही. म्हणजे मीच पहिला.

अर्शीला दाखवला. ती बारावीला आहे. म्हणाली, अब्बा, हा मेकअप करून आल्यासारखा दिसतोय. मी म्हटलं, बेटा, कुदरत आहे, तिच्याकडं ब्यूटी पार्लर नसतं.

९ नोव्हेंबर
आनंदराज सरांच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं: देगलूर गुलाबी गाल्या. शोध: जिलानी. मग सरांचाच मेसेज. आकाराने चिरक वाटतो, पण असा चिरक मी आजवर पाहिला नाही, कृपया ओरिजिनल पाठवा.

'आजवर पाहिला नाही'! ही ओळ फ्रेम करून स्टुडिओत लावावी असं चाललं आहे.

ओरिजिनल म्हणजे अर्थातच प्रिंट. मोठ्या साइजची ग्लॉसी काढली, लॅमिनेशन केलं, कडेला सोनेरी बॉर्डर दिली आणि नांदेडच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिली.

१२ नोव्हेंबर
रोज सकाळी शिवप्पांच्या परसात जाऊन राहिलोय. पक्षी तिथंच राहतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर मात्र अजून काळाच दिसतो. ती स्क्रीन एका वरातीत आपटली होती, तेव्हापासून मी तिच्या रंगावर भरवसा ठेवत नाही. खरा रंग कॉम्प्युटरवर येतो. घरी येऊन बघितलं तर आजही बदामी.

शिवप्पा मोंढ्यात सगळ्यांना सांगून राहिले की जिलानीभाई हळदीसाठी आधीपासून उन्हाचा अभ्यास करून राहिले, असा माणूस मिळत न्हाई. मला रोज चहा आणि चुरमुऱ्यांचा सुसला येतो. मी काही खोटं बोललो नाही. नुसता चहा घेतला.

सरांचा फोन आला. प्रिंट पोचली. म्हणाले, प्रिंट सुंदर आहे, पण मला कॅमेऱ्यातली फाइल हवी होती. असू द्या, तेवीसला रविवारी ग्रुपला घेऊन आम्हीच येतो. शिवाय पुढच्या महिन्यात नांदेडला मेळावा आहे, पक्षी खरा निघाला तर तिथं तुमचा सत्कार करू. 'खरा निघाला तर' असं फोनवर सगळेच बोलतात.

१६ नोव्हेंबर
सरांनी लेक्चरमध्ये सांगितलं होतं की पक्ष्यांना आपण दिसू नये. स्टुडिओत मागं लावायचा हिरवा पडदा आहे. तो डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून जास्वंदीशेजारी बसलो. हललो नाही. शिवप्पांची आई उमाबाई धुणं घेऊन आल्या. त्यांना आता कमी दिसतं. त्यांनी ओलं लुगडं माझ्यावर वाळत घातलं. मी तरीही हललो नाही. मग टॉवेल. मग शिवप्पांची बंडी. शेवटी मला शिंक आली आणि उमाबाई कन्नडमध्ये देवाचं नाव घेत आत पळाल्या. संध्याकाळी त्यांना ताप आला म्हणे.

छुपण्याची पद्धत शंभर टक्के यशस्वी, असं नोंदवतो.

१८ नोव्हेंबर
होट्टल गावच्या जुन्या मंदिरापाशी शिवांगीचं प्री-वेडिंग शूट. मुलगा लातूरहून आला होता. चांगला मुलगा आहे, पण बुजरा. सोबत माझा मेहुणा सद्दाम होता, तो व्हिडिओचं काम बघतो. दोघांना हातात हात देऊन उभं केलं, एकमेकांकडं बघत राहा म्हणून सांगितलं आणि तेवढ्यात मंदिराच्या फटीतून पोपट निघाले. दोन मिनिटांत येतो म्हणालो. मागं मागं शेतात गेलो, तुरीत अडकलो. परत आलो तर ऊन उतरलेलं, सद्दामनं शूट संपवलेलं आणि तिघं जण शेंगा खात बसलेले.

सद्दाम परतताना म्हणाला, भाईजान, ते दोघं लई वेळ तुमच्या सांगण्यावरून तसेच उभे होते. शेवटी पोरगं बोललं, आता बसलो तर चालंल का म्हणून.

सांगण्यासारखी गोष्ट ही की पोपट आले नाहीत, पण तुरीचे फोटो चांगले आले.

२२ नोव्हेंबर
उद्या सर येणार. शिवप्पांना सांगावं लागलं. मी म्हटलं, नांदेडहून मोठी माणसं तुमचा परस बघायला येऊन राहिली. ते खूष झाले. अंगण सारवून घेतलं, खुर्च्या मांडल्या. घरात लग्नाची धावपळ, आचारी येऊन बसलेला, आणि शिवप्पा मला विचारतात, पाहुण्यांना नाष्ट्याला काय करायचं?

शिवांगीनं परत तेच सांगितलं, रंगाचं. म्हटलं, बेटा, उद्याचा दिवस जाऊ दे.

सत्कारासाठी शेरवानी काढून ठेवली. मलिका म्हणाली, आधी पाखरू येऊ द्या. बटणं मात्र तिनंच शिवून दिली.

२३ नोव्हेंबर, रविवार
लिहावं की नको.

सर आणि ग्रुपची मंडळी सकाळी गाडीनं आली. शिवप्पांनी हार घातले. खुर्च्यांवर सगळे दुर्बिणी घेऊन बसले. पक्षी वेळेवर आला, दगडावर बसला, शेपटी उभी केली. काळा कुळकुळीत, शेपटीखाली जरा तांबूस. सर हळूच म्हणाले, चिरक, नर. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, हा नव्हे, तो येईल, थांबा. थांबले. तोच उडून गेला, तोच परत आला. उप्पीट झालं, चहा झाला, परत चहा झाला. तोच.

सर फार सभ्य माणूस. म्हणाले, जिलानीभाई, तुमच्या कॅमेऱ्यात बघू या का? मी म्हटलं, त्या स्क्रीनचा रंग खोटा आहे. त्यांनी तरी बघितलं. काळा. सगळ्या फोटोंत काळा. मग ते म्हणाले, कॉम्प्युटरवर फोटो घेताना तुम्ही काही करता का? मी म्हटलं, अल्लाकसम, मी बोटसुद्धा लावत नाही.

अर्शी माझ्या शेजारी उभी होती. तिच्या तोंडातून निघून गेलं, अब्बा, तुम्ही चिरकला 'नवरी' केलंय.

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग शिवप्पांच्या घरच्या बायकांना कळलं. त्यांच्यातल्या प्रत्येकीचा अल्बम मी काढलेला आहे. आधी स्वयंपाकघरातून हसू आलं, मग परसभर. ग्रुपमधले लोक दुर्बिणी पुसू लागले. सर हसले नाहीत. त्यामुळं जास्त लागलं.

शिवांगी दारात होती. तीही हसली नाही. माझ्याकडं असं बघत होती की आता तरी कळलं का काका.

२४ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला तर चूक सॉफ्टवेअरची आहे. पक्षी आणि नवरी यातला फरक त्याला कळत नाही, त्याला मी काय करणार?

सत्काराबद्दल सरांचा मेसेज नाही. मीच ग्रुप सोडला. कलावंतानं गर्दीत राहू नये. ग्रुपमधून कुणी विचारलं नाही, याचा अर्थ त्यांना धक्का बसला असणार.

मोंढ्यातून जाताना कुणीतरी ओरडलं, जिलानीभाई, आमच्या कावळ्याचं लग्न आहे, तारीख देता का? वळून बघितलं नाही. आवाज ओळखीचा होता.

२६ नोव्हेंबर
अर्शीनं कॉम्प्युटरवर 'पक्षी' नावाचा वेगळा फोल्डर करून दिला. त्यातल्या फोटोंना 'नवरी' लागत नाही, जसं असेल तसं येतं. मग म्हणाली, अब्बा, शिवांगीदीदीच्या लग्नाला पण 'नवरी' काढून टाकू का? तिनं सांगितलंय.

मी समजावून सांगितलं. पक्ष्याचा रंग बदलणं म्हणजे फसवणूक. नवरीचा रंग बदलणं म्हणजे सेवा. शिवाय शिवप्पांचा काल फोन होता, पोरगी जरा उजळ दिसू द्या म्हणून. ऑर्डर त्यांची आहे.

मलिका मधेच म्हणाली, माझ्या लग्नाचा फोटो माझ्या सासऱ्यांनी काढला, त्यात मी हाय तशीच हाय. तुम्ही फाडला का तो? मी म्हटलं, तो ब्लॅक अँड व्हाइट होता. ती म्हणाली, त्यात तर अजून काळी हाय मी. पुढं वाद घातला नाही, जेवायचं होतं.

२९ नोव्हेंबर
हळद. मंडप भरलेला, ढोल, बायका, पिवळंच पिवळं. मी मुख्य विधी काढले. पण मन लागेना. त्या चिरकचा एक खरा, शार्प फोटो काढायचा, सरांना पाठवायचा आणि खाली एक शब्दही लिहायचा नाही, असं ठरवलं होतं. मग सद्दामला म्हटलं तू सांभाळ, कार्ड बदललं आणि मागच्या दारानं परसात.

चिरक पेरूच्या फांदीवर आला. श्वास रोखला. बटण दाबलं आणि तो त्याच क्षणी उडाला. स्क्रीनवर कोपऱ्यात नुसती शेपटी. पण शेपटी शार्प! एकेक पीस मोजता येईल अशी.

३० नोव्हेंबर
लग्न लागलं. अक्षता पडल्या, शिवप्पा रडले, मीही रडलो. आम्हा फोटोवाल्यांचं तसंच असतं, नवरी कुणाचीही असो. मुलाकडच्या एका पाहुण्यानं विचारलं, तुम्हीच का ते पक्षीवाले? बातमी लातूरपर्यंत गेली आहे तर.

८ डिसेंबर
अल्बम तयार. शिवांगी अशी उजळली आहे की बघत राहावं. शिवप्पांना फोटो पाठवले. फोनवर म्हणाले, लई छान, जिलानीभाई, आमची पोरगी सिनेमातली वाटून राहिली. म्हणजे माझा निर्णय बरोबर होता.

शेवटचं लग्न म्हणालो होतो. पण उमरीची एक आणि हदगावची एक ऑर्डर आली आहे. लोकांना नाही कसं म्हणणार.

१४ डिसेंबर
शिवांगी माहेरी आली आहे. अल्बम न्यायला आज स्वतःच स्टुडिओत आली, सोबत नवरा. मी चहा सांगितला. ती स्टुलावर बसून हळूहळू पानं उलटू लागली. मधेच थांबली आणि विचारलं, काका, ही कोण?

मला वाटलं करवलीबद्दल विचारते. वाकून बघितलं. बोट तिच्याच चेहऱ्यावर होतं.

भांडली असती तर माझ्याकडं उत्तरं होती. बापाची ऑर्डर, तालुक्याची पसंती, सगळं तयार होतं. पण ती भांडली नाही. डोळे भरून आले आणि एवढंच म्हणाली, मी सांगितलं होतं ना काका, दोनदा. नवरा तिच्या बाजूला बसून राहिला. तो म्हणाला, मी तिला एकदा ओळखलं न्हाई, ते तिच्या अजून मनात हाय. मला खूप वाईट वाटलं.

अर्शी कॉम्प्युटरपाशी बसली होती, तिलाच काही तरी करावंसं वाटलं असेल. तिनं कॉम्प्युटरवर 'पक्षी' फोल्डर उघडला आणि म्हणाली, दीदी, हा बघा.

तो हळदीच्या दिवसाचा, शेपटीचा फोटो. मी तो शेपटी मोठी करून खूपदा बघितला होता. पूर्ण आज बघितला. मागं, धुण्याच्या दगडावर शिवांगी बसली आहे. मंडपातून कुणाला न सांगता पळून आलेली. तोंडाला हळद, एका हातात अर्धा खाल्लेला पेरू, गालात घास, आणि कशावर तरी एकटीच हसून राहिली. सावळी. कपाळावर ऊन. डोळे जेवढे आहेत तेवढेच.

ती उठून स्क्रीनजवळ गेली. म्हणाली, ही मी. नवरा म्हणाला, हाव, ही तूच. मग दोघं हसले. हाच मोठा करून द्या म्हणाले, लातूरच्या घरात लावायचा आहे. फक्त कोपऱ्यातलं ते काळं काढून टाका, डाग पडल्यासारखं दिसतं.

डाग नव्हे, शेपटी आहे, मी म्हटलं. चिरकची. सगळ्या महिन्यात तेवढाच एक शार्प आला.

नवरा म्हणाला, हो का? पण काढाच.

काढली. आता पक्षी फोल्डरमध्ये तुरीचेच फोटो उरले आहेत.

संध्याकाळी प्रिंट घेतली, तीन वेळा तपासली. कुठं काही करावं लागलं नाही. फोटो चांगला आहे. मी आजवर काढलेल्यातला सगळ्यात चांगला. कसा काढला ते मात्र आठवत नाही. तेव्हा मी पक्ष्याकडं बघत होतो.